तुम्ही विचारलंत म्हणून: नेहमी मफलरच का?

कुणाची साठी असो, कुणी बदली होऊन गाव सोडत असो, माझ्याकडून भेट जाते ती हातानं विणलेल्या मफलरची. (नव्या मुली त्याला स्कार्फ म्हणतात. बेळगावात कान बांधायचा तो मफलर.) मग ठरलेला प्रश्न येतो, "एवढं विणता येतंय तर स्वेटर का करत नाही?" काहीजणी हे इतक्या हळू आवाजात विचारतात, जणू मला बाह्याच जमत नसाव्यात.

एकदा केला होता स्वेटर. धाकट्या भावजींसाठी, नजरेच्या अंदाजानं. माप मागितलं असतं तर गुपित फुटलं असतं ना! विणून व्हायला तीन महिने लागले, तेवढ्यात भावजींचं पोट पुढं आलं, आणि बाह्या तर आधीच चार बोटं लांब झालेल्या. "वैनी, लई भारी झालाय की वो," म्हणत त्यांनी तो एकदा घातला, बाह्यांच्या घड्या मनगटावर चपात्यांसारख्या रचून. त्यानंतर तो खुंटीवरून उतरला नाही. भावजी बिचारे अजून मला बघितलं की त्या खुंटीकडं बघतात.

मफलरला माप नाही. रंग तेवढा कळला की झालं, आणि तो माणसाच्या नकळत कळतो. बापय माणसांना विचारू नये, सगळे राखाडी नाहीतर चॉकलेटी सांगतात.

पुण्याची माणसं विचारतात, थंडी असते का हो तुमच्याकडे? समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे आमचं गाव. डिसेंबर-जानेवारीत पहाटे फिरायला निघालेल्यांचे कान बघा, एकही उघडा दिसायचा नाही. पण खरा मफलर लागतो तो पावसात. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर, जांबोटीकडून मोटारसायकलवर येणाऱ्याला विचारा. आणि मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला तर पावसाळ्यात धुतलेलं कापड चार-चार दिवस वाळत नाही. म्हणून मी बहुतेकांना ॲक्रिलिकची लोकर घेते. लवकर वाळते, मशीनमध्ये टाकली तरी आटत नाही. खऱ्या लोकरीचा मफलर गरम पाण्यात घालून घोळसला की त्याचं घोंगडं होतं.

मात्र चुलीपुढं बसणाऱ्या म्हातारीला ॲक्रिलिक देऊ नका. ते आगीत वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजासहजी पेटत नाही. दुकानदार काहीही सांगो, घरी येऊन बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून बघायचा. केस जळाल्याचा वास आला आणि राख चुरली तर लोकर. काळा टणक मणी झाला तर ॲक्रिलिक.

माझं विणणं अगदी साधं. 8 नंबरच्या सुया, म्हणजे 4 मिलिमीटरच्या. (आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, नवशिक्या इथं हमखास फसतात.) मध्यम जाडीची लोकर, साधारण 200 ग्रॅम. 40 टाके घातले की वीतभर रुंदी मिळते. सगळ्या ओळी सुलट. माझ्या पहिल्या मफलरला मी हौसेनं एक ओळ सुलट, एक उलट केली होती. दिसायला फार सुबक, पण दोन्ही कडा आत वळून त्याची सुरळीची वडी झाली. इस्त्रीनंही ऐकेना. दोन्हीकडून सुलट विणलं की कापड सपाट पडतं आणि मफलरला उलटी बाजूच राहत नाही. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवायचा, कड नीट येते. टाके घालताना दोन सुया एकत्र धरायच्या आणि बंद करताना हात सैल ठेवायचा, नाहीतर टोकं आखडतात. लांबी ज्याला द्यायचा त्याच्या उंचीएवढी. 160 सेंटीमीटरला माझ्या साडेसहाशेच्या आसपास ओळी होतात, म्हणजे पंचवीस हजारांवर टाके. हा हिशेब मी एकदाच केला, पुन्हा करणार नाही.

मोजायची गंमत वेगळीच. शेजारच्या अक्कांसोबत दुपारी विणायला बसते. त्या कन्नडमध्ये मोजतात, मी मराठीत. वंद, एरड, मूर, आणि चार आलं की 'नाक'! इतकी वर्षं झाली तरी मला हसू येतं आणि माझे टाके चुकतात. अक्का वर बघतसुद्धा नाहीत.

वडगावात आमचे एक दूरचे मामा आहेत, जन्म मागावर गेला, साड्या विणण्यात. माझ्या सुया बघून ते म्हणाले, "हे कसलं विणणं? ताणा नाही, वाणा नाही." खरंय त्यांचं. आपण दोन्हीला विणणंच म्हणतो, पण मागावर उभे-आडवे धागे एकमेकांना धरून असतात. माझ्याकडं एकच धागा, तोच स्वतःत अडकत जातो. शेवटचं टोक सोडवून ओढलं की अख्खा मफलर परत गुंडा. मामांना हा कच्चेपणा वाटला. मला मात्र तोच पटतो.

कारण नऊ वर्षांपूर्वी खानापूरच्या आत्तींना दिलेला मफलर यंदा परत आला. एका टोकाला विरला होता. सोबत निरोप, "फेकू नको, नातवाला कानटोपी कर." विरलेला भाग कापून बाकीचा उसवला. धागा शेवयांसारखा कुरळा झाला होता, लडी करून कोमट पाण्यात भिजवून, वजन लावून वाळवला. दोन कानटोप्या झाल्या. एक नातवाला, दुसरी आत्तींनी स्वतःच ठेवून घेतली.

आता सुयांवर पुन्हा 40 टाके चढलेत. कुणासाठी ते सांगत नाही, ते माणूस हे वाचतं. रंग राखाडी नाही एवढंच.