प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातली ती एक ओळ

ऑक्टोबर आला की कौंटीचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं, आणि दिवाळीच्या फराळाला आम्ही जमलो की त्यावरून एकदा तरी वाद होतोच. यंदाही झाला. एकाने फोनवर आपलं बिल उघडलं, खाली शाळा-कॉलेजांच्या कर्जाच्या ज्या बारीक बारीक ओळी असतात त्यातली फुटहिल-डी अँझा कम्युनिटी कॉलेजची ओळ मोठी करून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "हे आपण का भरायचं? आपली मुलं काय तिथे जाणारेत का?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी आत चहा टाकत होते, बाहेर येईपर्यंत विषय बदलला होता, पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

इथे न राहणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. शाळा संपवलेलं कुणीही जाऊ शकतं, दोन वर्षं तिथे करून पुढे युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं, किंवा एखादं कामाचं शिक्षण घेऊन सरळ नोकरीला लागता येतं. आमच्याकडे सिलिकॉन व्हॅलीत फुटहिल आणि डी अँझा ही दोन कॉलेजं मिळून एक डिस्ट्रिक्ट, म्हणजे कॉलेजं चालवणारी सरकारी संस्था, आहे, त्यावर लोकांनी निवडून दिलेले पाच ट्रस्टी. मोठी इमारत बांधायची किंवा जुनी दुरुस्त करायची तर हे ट्रस्टी ठराव करतात आणि मग प्रश्न आपल्याकडे मतपत्रिकेवर येतो, की आम्ही बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढतो, तुम्ही तो प्रॉपर्टी टॅक्समधून फेडाल का. पूर्वी दोन तृतीयांश मतं लागायची, २००० साली प्रपोझिशन ३९ (प्रपोझिशन म्हणजे राज्यभरातल्या लोकांच्या मतांवर ठरणारा कायदा) पास झालं आणि आता ५५ टक्के पुरतात. पण बदल्यात अट घातली की हा पैसा इमारती, जागा आणि सामानावरच जाईल, शिक्षक-अधिकाऱ्यांच्या पगारावर एक डॉलरही नाही, आणि हिशोब तपासायला नागरिकांची कमिटी असेल.

आमच्या डिस्ट्रिक्टने असे तीन मोठे बाँड आणले (मतपत्रिकेवरच्या अशा स्थानिक प्रश्नाला मेझर म्हणतात). १९९९ ला मेझर ई, २००६ ला मेझर सी, जो ४९ कोटी डॉलरचा होता, आणि ३ मार्च २०२० ला मेझर जी, ८९ कोटी ८० लाखांचा! तिन्ही पास झाले.

मेझर जीचा दर होता असेस्ड व्हॅल्यूच्या, म्हणजे टॅक्ससाठी धरलेल्या घराच्या किमतीच्या, दर एक लाख डॉलरमागे वर्षाला साधारण १६ डॉलर. ऐकायला काहीच नाही वाटत. पण इथे खरी मेख आहे आणि आपल्या लोकांचा राग खरं तर त्याच्यावर असतो. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे घराची असेस्ड व्हॅल्यू खरेदीच्या किमतीवरून ठरते आणि वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. आमची त्या वर्षी होती साडेबारा लाख डॉलर, म्हणजे आम्हाला २०० डॉलर. शेजारच्या आजींचं घर सत्तरच्या दशकातलं, त्यांची व्हॅल्यू जेमतेम १ लाख ६० हजार, म्हणजे त्यांना पंचवीस डॉलरच्या आसपास. भिंतीला भिंत लागलेली घरं, कॉलेज दोघांनाही सारखंच लांब आणि आम्ही आठपट भरायचं. हे अन्यायाचं आहे, मी नाही म्हणणार नाही. पण ह्याच नियमामुळे त्या आजी पेन्शनवर अजून स्वतःच्या घरात राहू शकतात हेही मी रोज बघते. आणि राग प्रपोझिशन १३ चा असेल तर तो कॉलेजवर का काढायचा?

२०२० च्या फेब्रुवारीत आमच्या घरी मतपत्रिका टेबलावर पडून होत्या तेव्हा नवरा म्हणाला, "दोनशे डॉलर दरवर्षी, आणि तेही कितीतरी वर्षं, नीट विचार कर." मी विचार केला तो २००५ चा. तेव्हा मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, होते, इथे काम करायची परवानगी नाही, पुण्यातली बीकॉमची डिग्री बॅगेत तशीच पडलेली, आणि दिवस नुसता खायला उठायचा. कुणीतरी सांगितलं डी अँझाला जा, तिथे कुणी अडवत नाही. संध्याकाळचा अकाउंटिंगचा क्लास घेतला. माझ्या एका बाजूला एक व्हिएतनामी मावशी बसायच्या, त्यांना स्वतःच्या नेल सलूनचा हिशोब स्वतः ठेवायचा होता, आणि दुसऱ्या बाजूला ऑटो टेकचा एक मुलगा, वर्कशॉपमधून थेट यायचा, हात धुतलेले असायचे तरी नखांच्या कडा काळ्या, आणि वहीची पानं उलटताना तो तळव्याच्या कडेने उलटायचा म्हणजे डाग पडू नये. त्याला पुढे गॅरेज टाकायचं होतं. तिघांनी मिळून बॅलन्स शीट जुळवली त्या दिवशी मावशींनी डब्यातून स्प्रिंग रोल काढून दिले होते.

त्याच वर्षी कॅम्पसवर कर्श सेंटर ही नवीन इमारत उघडली, त्यात मेझर ईच्या पैशाचाही वाटा होता. मी तिच्यासमोरून रोज जायचे आणि ती कुणाच्या पैशातून उभी राहिली हे मला माहीतही नव्हतं. १९९९ ला ज्यांनी हो म्हटलं त्यातलं मला कुणीही ओळखत नव्हतं, मी तर तेव्हा लक्ष्मी रोडवर शिकवणीला जात होते. शेजारच्या आजींनी त्यात हो म्हटलं होतं हे मला खूप नंतर कळलं, त्यांनी स्वतः सांगितलं, कुंपणापाशी लिंबं देताना. त्यांना तर मुलंच नाहीत.

मी हो वर खूण केली. नवऱ्यानेही केली.

पण त्याच मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न होता जो आता कुणाला आठवतही नाही. मेझर एच. घरटी, म्हणजे दर पार्सलला, वर्षाला ४८ डॉलर, पाच वर्षं. तो पैसा इमारतींसाठी नव्हता, शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या रोजच्या गरजांसाठी होता. त्याला दोन तृतीयांश मतं लागणार होती आणि ती मिळाली नाहीत. मला ह्याचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. नवीन वर्ग बांधायला ८९ कोटी आपण दिले आणि त्या वर्गात उभं राहून शिकवणाऱ्यासाठी महिन्याला चार डॉलर दिले नाहीत. आणि सिलिकॉन व्हॅलीतलं भाडं बघता अर्धवेळ शिकवणारी माणसं तासातासाचा ड्राइव्ह करून दोन-दोन, तीन-तीन कॉलेजांत शिकवतात. बाँडवर टीका करायचीच तर ही करा ना, की विटांना पैसा मिळवणं सोपं आणि माणसांना अवघड असा कायदाच आहे.

मतदान झालं आणि दोन आठवड्यांच्या आत कोविडमुळे शेल्टर-इन-प्लेस, म्हणजे घरातच राहायचा हुकूम, लागू झालं, सगळं कॉलेज ऑनलाइन गेलं. तेव्हापासून एक नवीनच मुद्दा ऐकू येतो, मुलं घरूनच शिकतात तर इमारती हव्यात कशाला. मला हे पटत नाही. इंजिन घरून कसं उघडणार? आणि ज्याच्या घरी एका खोलीत पाच माणसं राहतात त्याला घरून शिका सांगणं सोपं आहे का?

हां, फ्लिंट सेंटरचं, म्हणजे डी अँझाच्या कॅम्पसवरच्या मोठ्या नाट्यगृहाचं, मात्र मलाही लागलं. १९८४ ला पहिला मॅकिंटॉश जगाला तिथे दाखवला, आमच्या इथल्या लोकांनी तिथे किती तरी गाण्यांचे कार्यक्रम बघितले, आणि २०१९ ला ट्रस्टींनी ते बंद केलं. दुरुस्तीचा खर्च आणि विद्यार्थ्यांना होणारा उपयोग ह्याचा मेळ बसत नव्हता. डोकं म्हणतं निर्णय बरोबर, मन ऐकत नाही.

सध्याचा वाद घरांवरून आहे. मेझर जीमधला काही पैसा विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या सोयीसाठी आहे, त्यातून डिस्ट्रिक्टने डी अँझाच्या समोरचंच ९४ घरांचं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स घ्यायचं ठरवलं. गाडीत झोपून क्लासला येणारी मुलं आहेत, त्यांना घर हवं ह्यात मला शंकाच नाही. पण तिथे आधीपासून राहणारी कुटुंबं आहेत, मुलं जवळच्या शाळेत जाणारी, त्यांना घाईघाईने बाहेर काढून नाही चालणार, पुरेसा वेळ आणि दुसरं घर शोधायला मदत मिळालीच पाहिजे. कॉलेज माझं आहे असं मी म्हणते तर हेही मलाच म्हणावं लागेल.

आणि फराळाच्या दिवशी ज्याने प्रश्न विचारला त्याची मुलगी अकरावीत आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने कॅल्क्युलस डी अँझालाच केलं, हायस्कूलच्या मुलांना ट्यूशन फी माफ असते. मी त्याला दुसऱ्या दिवशी फोन केला आणि हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "वहिनी, ते माझ्या लक्षातच नव्हतं आलं."

ट्रस्टींच्या मीटिंगा सोमवारी संध्याकाळी असतात, कुणालाही जाऊन बोलता येतं. पुढच्या मीटिंगला मी भाडेकरूंबद्दल बोलायला नाव देणारे. सनीवेलहून निघणारे, गाडीत तीन जागा आहेत, यायचं असेल तर कळवा.