पहिले बारा तास

ऊसतोडीच्या हंगामात आमच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणासाठी येणाऱ्या बायकांजवळ त्यांचे तपासणी अहवाल बहुधा नसतात. तपासण्या झालेल्या असतात, गावच्या आशाताईंनी त्यांना केंद्रावर नेऊन रक्त द्यायला लावलेले असते. पण माता-बाल संरक्षण कार्ड बीडकडे पत्र्याच्या पेटीत राहिलेले असते. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे कारखान्याच्या तारखेला ट्रॅक्टरमध्ये बसते, तेव्हा कोयते, भांडी आणि पोरे सोबत घेतली जातात, कार्ड नाही. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या प्रसूतिकक्षात अशी बाई कळा देत असतानाच आम्ही एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटीस बी या तीन आजारांच्या कार्ड टेस्ट करून घेतो. बाहेरच्यांना हे उशिराचे काम वाटते. प्रत्यक्षात हिपॅटायटीस बीच्या बाबतीत बाळाला वाचवण्याची सर्वांत मोठी संधी जन्मानंतरच्या काही तासांतच असते, त्यामुळे कळा सुरू असताना कळले तरी पुष्कळ होते.

गेल्या हंगामात जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री उशिरा अशीच एक बाई आली. वय बावीसच्या आसपास, दुसरे बाळंतपण, पिशवीचे तोंड निम्म्याहून जास्त उघडलेले, सोबत सासू आणि नवरा. एचआयव्ही आणि सिफिलिसच्या कार्डावर एकच रेघ राहिली, म्हणजे निगेटिव्ह. तिसऱ्या, हिपॅटायटीस बीच्या कार्डावर दोन रेघा उमटल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. मी दुसऱ्या लॉटचे कार्ड घेऊन टेस्ट पुन्हा केली, पुन्हा दोन. वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवले. केवळ या आजारासाठी सिझेरियनची गरज नसते, त्यामुळे नैसर्गिक प्रसूतीच होऊ दिली आणि रविवारी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी मुलगा झाला. वजन दोन किलो सहाशे, रडणे खणखणीत. त्याच्या अंगावरचे आईचे रक्त मी नेहमीपेक्षा जास्त काळजीने पुसले, विशेषतः मांड्यांवरचे, कारण इंजेक्शन तिथेच द्यायचे होते आणि सुईबरोबर ते रक्त आत जाता कामा नये.

या विषाणूचे गणित प्रत्येक प्रसूतिकक्षात पाठ असायला हवे. प्रौढ माणसाला संसर्ग झाला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. जन्मताना लागण झालेल्या शंभर बाळांपैकी मात्र नव्वदांच्या शरीरात तो आयुष्यभर ठाण मांडतो आणि पुढे तिशी-चाळिशीत यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोग होऊन समोर येतो. आईच्या रक्तात विषाणू जोरात वाढत असेल आणि काहीच केले नाही, तर बाळाला लागण होण्याची शक्यता सत्तर ते नव्वद टक्के असते. जन्मानंतर लगेच लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर यातली बहुतांश लागण टळते. कुत्रा चावल्यावर जशी रेबीजची लस धावतपळत देतात, तशीच ही लस संपर्क होऊन गेल्यावर दिली जाते, म्हणूनच तिला घड्याळ लावलेले आहे. लस चोवीस तासांच्या आत द्यायची असते, आणि आई बाधित असेल तर दोन्ही इंजेक्शने शक्यतो बारा तासांच्या आत.

आणि त्या रविवारी लस कुलपात होती.

आमच्याकडे लसींचा आयएलआर, म्हणजे अधिक दोन ते अधिक आठ अंश तापमान राखणारा फ्रीज, एका वेगळ्या खोलीत आहे. तिची किल्ली औषधनिर्माण अधिकाऱ्यांकडे असते, आणि ते शनिवारी संध्याकाळी गावी गेले होते. मी सकाळी सहाला फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “सिस्टर, उद्या ओपीडी उघडली की देऊ, चोवीस तासांत बसतंय की.” सोमवारी साडेनऊला अठ्ठावीस तास झाले असते, हे मी त्यांना हिशेब करून सांगितले आणि आई पॉझिटिव्ह असल्याचेही सांगितले. त्यानंतर मात्र ते मोटारसायकल काढून आले. माणूस कामाचा आहे, त्यांना मी दोष देत नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिने चोवीस तास चालणाऱ्या प्रसूतिकक्षाची लस ओपीडीच्या वेळात काम करणाऱ्या माणसाच्या खिशात ठेवली आहे. बाळे रविवारी जन्मतात, दिवाळीच्या पाडव्याला जन्मतात, पहाटे तीनला जन्मतात. ज्या लसीला चोवीस तासांची मुदत आहे, ती प्रसूतिकक्षातच असली पाहिजे.

दुसरी सवय मला जास्त त्रास देते, कारण ती चांगल्या हेतूने आलेली आहे. बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लसीची, कुपी एकदा द्रावणात मिसळली की चार तासांत टाकून द्यावी लागते, म्हणून चार-सहा बाळे जमल्यावर ती उघडणे समजण्यासारखे आहे. पण तोच नियम अनेक ठिकाणी हिपॅटायटीस बीलाही नकळत लावला जातो. “एका बाळासाठी दहा डोसची व्हायल कशी फोडायची?” हा प्रश्न मी वरिष्ठांच्या तोंडूनही ऐकला आहे. हिपॅटायटीस बीची लस द्रवरूपच येते आणि खुल्या कुपीच्या धोरणानुसार ती उघडल्यावर अठ्ठावीस दिवस वापरता येते. तापमान राखलेले हवे, कुपीवर उघडल्याची तारीख-वेळ लिहिलेली हवी, व्हीव्हीएमच्या, म्हणजे लसीला उष्णता लागली का ते दाखवणाऱ्या कुपीवरच्या खुणेच्या, वर्तुळातला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिकाच असायला हवा आणि मुदत संपलेली नसावी. तेव्हा एका बाळासाठी ती फोडण्यात नासाडी होत नाही. नासाडी झालीच, तरी नऊ डोस आणि एका माणसाचे यकृत यांची तुलना करताना मला विचार करावा लागत नाही. साडेआठच्या सुमारास अर्धा मिलिलीटर डाव्या मांडीत दिला.

इम्युनोग्लोब्युलिन आमच्याकडे नसते. ते म्हणजे तयार प्रतिपिंडे. लस शरीराला लढायला शिकवते, त्याला काही आठवडे लागतात, आणि तोपर्यंतची राखण ही प्रतिपिंडे करतात. बाजारात ते महाग मिळते आणि तालुक्याच्या औषध दुकानांत सहसा ठेवलेले नसते. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, त्यात बाधित मातांच्या नवजात बाळांसाठी ते मोफत देण्याची तरतूद आहे, पण साठा जिल्ह्याच्या ठिकाणी. आमची १०२ची रुग्णवाहिका पहाटेच रक्तदाब वाढलेल्या एका बाईला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेली होती. मी चालकाला तिथेच थांबवले, मागणीपत्रावर डॉक्टरांची सही घेऊन त्याचा फोटो पाठवला आणि तिथल्या परिचारिकेशी बोलले. ती कुपी देणार होती, पण डीप फ्रीजरमधले आइस पॅक तसेच कॅरिअरमध्ये, म्हणजे लस थंड ठेवून नेण्याच्या पेटीत, घालत होती. तिला थांबवले. गोठलेले पॅक थेट लावले, तर इम्युनोग्लोब्युलिन आणि हिपॅटायटीस बीची लस दोन्ही गोठून निकामी होऊ शकतात, आणि निकामी झालेले औषध बाहेरून चांगलेच दिसते. पॅक बाहेर काढून ठेवायचे, अंगावर घाम धरला आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी वाजू लागले की मगच कॅरिअरमध्ये लावायचे. चालकाने तेवढा वेळ थांबून घेतले, वाटेत जेवायला न थांबता तो आला, आणि दुपारी तीननंतर शंभर युनिटचे ते इंजेक्शन बाळाच्या उजव्या मांडीत गेले. जन्माला दहा तास होत आले होते. त्या चालकाचे नाव कुठल्याही नोंदवहीत येत नाही, याची मला खंत आहे.

दरम्यान प्रसूतिपश्चात कक्षात वेगळेच काही घडले होते. सकाळच्या पाळीतल्या कोणीतरी केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’, म्हणजे हिपॅटायटीस बी असल्याचे, लिहून तो कागद खाटेच्या डोक्याशी लावला. हेतू सहकाऱ्यांना सावध करण्याचा, असे सांगण्यात आले. मला हे मुळीच पटत नाही. रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामात प्रत्येक रुग्णासाठी हातमोजे घालायचे असतात. लाल शाई पाहून दोन जोड घालणारी व्यक्ती बाकीच्या खाटांवर काय करते, हा प्रश्न त्यातून उरतोच. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला बाधित सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन असते, हिपॅटायटीस बीची शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. आपल्या सुरक्षिततेसाठी खरा उपाय स्वतःचे तीन डोस पूर्ण करण्याचा आहे, आणि तो न करणारे अनेकजण आमच्यात आहेत. एचआयव्हीबाबत गोपनीयता पाळायला आपण कायद्याच्या धाकाने का होईना शिकलो. हिपॅटायटीस बीच्या रुग्णाला ती सवलत अजून कोणी देत नाही.

कागद शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाने वाचला आणि “काविळीची बाई” ही बातमी कक्षभर झाली. आमच्या भागात काविळीची भीती जुनी आहे. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती, ती लोक विसरलेले नाहीत. तो हिपॅटायटीस ई होता, पाण्यातून पसरणारा, आणि गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत खरोखरच जिवावर बेतणारा. या बाईच्या रक्तातला विषाणू निराळा, मार्ग निराळा, आणि तिचे डोळे पिवळेही नव्हते. पण शेजारच्या दोन खाटा सरकवल्या गेल्या, तिचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला गेला, आणि मी कक्षात पोचले तेव्हा सासूबाई बाळाला साखरेचे पाणी चाटवत होत्या. बाळ जन्मल्यापासून आईच्या छातीला लागले नव्हते. तिचा चीक साडीवर गळत होता.

“बाई, इखार हाय म्हणत्यात तिच्या दुधात. लेकराला कसं पाजावं?” सासूबाईंनी विचारले. त्या दुष्ट नव्हत्या. नातू वाचावा म्हणूनच त्या हे करत होत्या, आणि त्यांना कोणीच काही नीट सांगितले नव्हते. मी खाटेवर बसून सांगितले की हा आजार अंगावरच्या दुधातून जात नाही, लस मिळाल्याशिवाय पाजायचे नाही असेही नाही. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर तेवढ्या बाजूचे पाजणे ती भरेपर्यंत थांबवावे. एका ताटात जेवल्याने, मुका घेतल्याने, एका गोधडीत झोपल्याने तो होत नाही. तो रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो. एकाच ब्लेडने सगळ्यांची दाढी करणे, जत्रेत एकाच सुईने गोंदून घेणे, दुसऱ्याची जखम उघड्या हाताने बांधणे, हे धोक्याचे. ऊसतोड कामगारांच्या तळावर कोयत्याचे वार रोजचे असतात, त्यामुळे शेवटचे मी पुन्हा सांगितले.

बाळ छातीला लावले. त्याने पकड नीट घेतल्यावर मी उठले, तेव्हा सासूबाईंचा दुसरा प्रश्न आला, जो मला पहिल्यापेक्षा जड गेला: “म्हंजी हिनं माहेराहून आणलं म्हणा की.” बाळंतीण भिंतीकडे तोंड करून होती. हा आजार तिला कुठून झाला, हे सांगण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नाही. आपल्याकडे बहुतेक दीर्घकालीन बाधा जन्मताना किंवा लहानपणी झालेल्या असतात. ती जन्मली तेव्हा ही लस गावोगाव मिळत नव्हती, देशभर ती २०११ साली पोचली. कदाचित तिच्या आईकडून तिला मिळाला, आणि त्या आईलाही कोणी सांगितले नसेल. मी सासूबाईंना म्हटले, “आजी, तुमची नी तुमच्या लेकाचीही तपासणी करायची आहे. कोणाकडून कोणाला, ते मशीन सांगत नाही. बाळाला होऊ नये म्हणून काय करायचं, ते मात्र आपल्या हातात आहे.” त्यांना ते पटले की नाही, मला कळले नाही. नवऱ्याने मात्र लगेच दंड पुढे केला. त्याचा अहवाल निगेटिव्ह आला आणि त्याला लसीचा पहिला डोस दिला. पुढचे एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तीन वर्षांची थोरली मुलगी तळावर होती, तिला मंगळवारी आणून तपासले, तीही निगेटिव्ह निघाली. सासूबाईंनी स्वतःची तपासणी करू दिली नाही.

सुट्टी देताना नवे कार्ड भरले. जन्मवेळ, दोन्ही इंजेक्शनांची वेळ, पुढचे पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे हिपॅटायटीस बीसह पाच आजारांवरच्या एकत्र लसीचे, डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. हे तीन डोस झाले नाहीत, तर त्या रविवारच्या धावपळीचा पुरा उपयोग होत नाही, हे मी नवऱ्याला दोनदा म्हणून दाखवायला लावले. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नोंदणीसाठी मोबाइल नंबर मागितला, तर त्याने दिलेला नंबर मुकादमाचा निघाला. लसीकरणाचे संदेश त्या मुकादमाला जाणार, हे मला मान्य नव्हते. त्यांच्या गावच्या आशाताईंचा नंबर मिळवून तिथे संपर्क जोडला, आणि आईच्या आजाराची नोंद कार्डावर न लिहिता वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बंद पाकिटात वेगळी दिली. बाळंतिणीला मात्र एकटीला बसवून सगळे सांगितले: तुला आज त्रास नाही, पण विषाणू किती आहे आणि यकृत कसे आहे, हे दर सहा महिन्यांनी पाहावे लागेल, पुढच्या खेपेला दिवस राहिले तर आधीच सांग, विषाणू जास्त असल्यास शेवटच्या तीन महिन्यांत गोळ्या देऊन धोका आणखी कमी करता येतो. तिने एकच विचारले, मी कोयता उचलू शकते ना. उचलू शकते, पण इतक्यात नाही, असे मी म्हटले. ती किती दिवसांनी फडात गेली असेल, याची मला कल्पना आहे.

पहिला पेंटाव्हॅलंट कारखान्याच्या तळावरच्या लसीकरण सत्रात झाला. दुसरा आणि तिसरा गावाकडे झाल्याचे आशाताईंनी कळवले; दुसरा दोन आठवडे उशिरा. बाळ नऊ महिन्यांचे झाल्यावर त्याची तपासणी करायची आहे. त्याआधी करून उपयोग नाही, कारण आईकडून आणि इंजेक्शनातून आलेली प्रतिपिंडे तोवर निकाल फसवू शकतात. ऑक्टोबरअखेर नऊ महिने भरतात, आणि त्याच सुमारास टोळ्या पुन्हा गावातून निघतात. तपासणी निघण्याआधी व्हावी म्हणून आशाताईंशी बोलून ठेवले आहे. आयएलआरची दुसरी किल्ली प्रसूतिकक्षात ठेवण्याचा अर्ज मी त्याच आठवड्यात दिला. साठ्याची जबाबदारी कोणाची, या मुद्द्यावर तो अजून अडलेला आहे आणि मी दर महिन्याच्या बैठकीत तो पुन्हा काढते.