पिळायचं नाही

दारात पेरूचं झाड असलं की डिसेंबरात माणसाची सगळी नाती तपासून निघतात. पहिल्या आठवड्यात शेजारी कौतुकानं पिशवी घेतात, दुसऱ्या आठवड्यात 'अहो कशाला' म्हणत घेतात, आणि तिसऱ्या आठवड्यात आपण पिशवी घेऊन फाटकाशी दिसलो की आत टीव्हीचा आवाज वाढतो. कामाच्या मावशी, दूधवाले, इस्त्रीवाले, सगळ्यांना देऊन झालं तरी झाड आपलं ओततच असतं. बाजारात आपण अर्धा किलो घ्यावा की पाऊण याचा विचार करतो. परसातलं झाड बादलीनं देतं, आणि तेही त्याच्या लहरीनं.

आमचं झाड 'सरदार' जातीचं. रोपवाटिकेत अजूनही त्याला 'एल-फॉर्टीनाइन' म्हणतात, म्हणजे लखनौ-४९. नाव लखनौचं, पण याची निवड झाली पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रात. १९२७ साली फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांनी अलाहाबाद सफेदा पेरूच्या रोपांतून ही जात वेचून काढली. फळ गोल, सालीला जरा खडबडीत, आत पांढराशुभ्र गर. झाड उंच जात नाही, ऐसपैस पसरतं, त्यामुळे माझ्यासारख्या बुटक्या बाईलाही स्टुलावर चढून निम्मी फळं काढता येतात. उरलेली निम्मी राघूंची. ते वाटाघाटी करत नाहीत.

पेरूचा बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची. मग मृगाचा पाऊस पडला की नवी फूट येते, त्या फुटीवर फूल येतं आणि फळं थंडीत हाताशी येतात. हा मृग बहार. डाळिंबवाल्यांच्या तोंडी हे शब्द बारा महिने असतात, त्यामुळे आमच्याकडे बँकेतल्या रांगेतही ते ऐकू येतात. सोलापुरात ताण मुद्दाम द्यावा लागत नाही, एवढंच. मे महिन्यात पारा ४३-४४ला टेकलेला आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी; इथं माणसंच ताणावर असतात, तिथं झाडाचं काय घेऊन बसलात! तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं असं सगळं पाणी बादलीत साठून झाडाच्या आळ्यात जातं. आमच्या घरात मोरीकडे सरळ गेलेलं पाणी म्हणजे गुन्हाच.

झाडाला पावसाळ्यातही फळ धरतं, पण त्याचं कौतुक नको. पाणचट असतं, आणि फळमाशी बसलेली असली की चिरल्यावर आत कोणीतरी आधीच जेवायला बसलेलं दिसतं. थंडीच्या पेरूला जी गोडी आणि जो वास येतो त्याची सर त्याला नाही. ज्यांना पेरू आवडत नाही असे लोक बहुधा पावसाळ्यातला पेरू खाऊन बसलेले असतात, असं माझं मत आहे.

तर डिसेंबरातल्या या बादल्यांचं करायचं काय, याचं उत्तर जेली.

जेलीची गंमत अशी की तिला पिकलेला पेरू नकोच असतो. ज्या पेरवाला पाहून तोंडाला पाणी सुटतं तो तिच्या कामाचा नाही. फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन. ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८२५ मध्ये ते वेगळं काढून त्याला हे नाव दिलं. फळ पिकत जातं तसं हे पेक्टिन सैल पडतं, म्हणून तर फळ मऊ होतं. फार पिकलं की त्यात जेली धरून ठेवायची ताकद उरत नाही. म्हणून गडद हिरवा रंग उतरून साल पोपटी-पिवळट झाली आहे, अंगठ्यानं दाबलं तर अजून रुतत नाही, चावला तर जरा तुरट लागतो, असा पेरू काढायचा. त्यात थोडे पूर्ण पिकलेले मिसळायचे, केवळ वासासाठी. राघूंनी एका बाजूनं टोचलेला असेल तर तेवढा भाग कापून टाकला की बाकीचा चालतो. लोकांना द्यायला लाज वाटावी अशी वाकडी, बारकी, डाग पडलेली फळं इथं मानानं आत घेतली जातात.

पुढचं काम सोपं. धुवायचे, सालीबियांसकट चकत्या करायच्या, बुडतील एवढं पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवायचे. ढवळताना रगडायचं नाही. शिजताना वास सुटतो तो कच्च्या पेरूचाही नाही आणि पिकलेल्याचाही नाही. किंचित गवताचा, किंचित फुलाचा. तो वास गल्लीत गेला की शेजारच्या अक्का येतात.

अक्कांच्या घरी पूर्वी टॉवेलचे पॉवरलूम होते. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि कापडाच्या बाबतीत शब्द शेवटचा. मी रस गाळायला नवा पंचा काढला होता. तो त्यांनी दोन बोटांत धरला, चोळला, उजेडाकडे करून पाहिला आणि म्हणाल्या, "वीण घट्ट आहे ओ ताई याची. आणि खळ गेली नाही अजून. रस उतरायचा नाही. जुना काढा." जुना काढला. धुऊन धुऊन विरत आलेला, हाताला लोण्याइतका मऊ. त्यातून पहिला रस ओतल्याबरोबर उतरला.

इथपर्यंत आमचं एकमत असतं. भांडण पुढं आहे.

शिजलेला पेरू पंच्यात ओतायचा, चार टोकं एकत्र बांधायची, गाठोडं स्वयंपाकघरातल्या कडीला टांगायचं आणि खाली पातेलं ठेवून निघून जायचं. पिळायचं नाही. दाबायचं नाही. डावानं ढोसायचंही नाही. पहिली काही मिनिटं धार लागते, मग थेंब, मग दोन थेंबांमधलं अंतर वाढत जातं. गाठोड्याच्या तळाशी एक थेंब जमतो, फुगतो, खाली सुटणार असं वाटतं आणि तसाच लटकत राहतो. आत अजून भरपूर रस आहे हे कापडाच्या ओलीवरून स्वच्छ दिसत असतं. एक पीळ दिला तर पातेलं भरेल.

"पिळा की ओ!" अक्का म्हणतात. "केवढं राहिलंय आतमध्ये!"

त्यांचं काही चुकत नाही. आपल्याकडे कापड हातात आलं की मनगट आपोआप वळतं. चक्का, नारळाचं दूध, चिंचेचा कोळ, सगळीकडे शेवटचा थेंब काढणारी बाई कर्तबगार. त्यात गाव हे असं, पाणी मोजून वापरणारं. ओल्या फडक्याकडे बघून हात मागं घ्यायला इथं कोणी कोणाला शिकवलेलं नाही. पण जेलीच्या रसात पिळण्यानं गराचे बारीक कण उतरतात आणि मग ती किती उकळली तरी गढूळच राहते. चवीत फरक पडतो का? खरं सांगायचं तर फारसा नाही. पण मग जॅमच करा की, जेलीचा अट्टहास कशाला? जेली बाटलीतून पलीकडचं दिसावं म्हणून करायची असते. तिची सगळी ऐट तेवढ्यावर उभी आहे.

म्हणून मी गाठोडं रात्री टांगते. झोपलं की हात शिवशिवत नाहीत.

सकाळी रसाची परीक्षा. चमचाभर रस वाटीत घ्यायचा, गार झाला की त्यात दोन चमचे स्पिरिट घालायचं, जखमेला लावायचं ते. हलक्या हातानं फिरवायचं आणि थोडं थांबायचं. रसात पेक्टिन भरपूर असेल तर तळाशी एकसंध गोळा बसतो. कमी असेल तर नुसते तुकडे तरंगतात, मग रस आणखी आटवायचा किंवा साखर कमी घ्यायची. परीक्षा झाली की वाटीतलं ओतून द्यायचं, ते खायचं नाही. घरातल्यांनी एरवी स्वयंपाकाकडे ढुंकूनही पाहिलं नसेल, पण स्पिरिटची बाटली ओट्यावर दिसली की सगळे जमतात.

साखर रसाच्या पाऊणपट, म्हणजे लिटरला ७५० ग्रॅम. जिल्ह्यात साखर कारखाने गावागणिक म्हणावेत इतके, त्यामुळे या एका गोष्टीची आम्हाला टंचाई माहीत नाही. पेरवाला स्वतःचा आंबटपणा बेताचा, म्हणून लिंबाचा रस लागतो. आंबट नसेल तर पेक्टिन कितीही असलं तरी घट्ट बसत नाही. आंबट, साखर आणि पेक्टिन या तिघांचं जमलं तरच जेली जमते. कागदी लिंबाचं झाड पेरूच्या शेजारीच आहे. ते स्वभावानं काटेरी, पण वेळेला हाक मारली की येतं.

मग पसरट पातेलं आणि मोठी आच. एका वेळी थोडाच रस घ्यायचा. फार घेतला तर आटेपर्यंत वास उडून जातो. फेस येईल तो काढत राहायचं. इथं बघण्यासारखं काही असेल तर रंग. पातेल्यात ओतताना रस फिकट, पिवळट, भाताच्या पेजेशी नातं सांगणारा. साखर विरघळली की जरा निवळतो. पुढं उकळता उकळता कडेनं गुलाबी झाक येते, ती आत सरकते आणि शेवटी सगळं तांबूस होतं. पांढऱ्या गराच्या पेरवात हा रंग कुठं दडलेला असतो कोण जाणे, बाहेरून कसला म्हणून घालावा लागत नाही.

जेली झाली कधी म्हणायची? पुस्तकात लिहितात, १०५ अंश. मुलानं हौसेनं थर्मामीटर आणून दिलं, तेव्हा लक्षात आलं की ही पुस्तकं समुद्रकाठच्या माणसांनी लिहिलेली असावीत. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. इथं पाणीच साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. जेलीचा नियम आहे पाण्याच्या उकळीपेक्षा चार-पाच अंश वर, म्हणजे आमची जेली १०३ला तयार. १०५ची वाट पाहत बसलं तर चिवट गोळी व्हायची. थर्मामीटर आता औषधाच्या डब्यात आहे. पळी बुडवून तिरपी धरली की दोन थेंब काठावर एकमेकांकडे सरकतात, मिळतात आणि एकच पापुद्रा होऊन सुटतात. पापुद्रा सुटला की गॅस बंद. गरम असतानाच बाटल्या भरायच्या आणि हलवायच्या नाहीत.

बाटल्या तयार होतात तोवर सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आलेली असते. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे लागतात, पाहुणे येतात. परत निघताना प्रत्येकाच्या हातात शेंगाचटणीचं पाकीट आणि जेलीची बाटली. पेरूची पिशवी नाकारणारे तेच लोक बाटली मागून घेतात. मुलं ती कडक भाकरीवर लावून खातात. मला हे मुळीच पटत नाही, कडक भाकरीला ठेचा नाहीतर शेंगाचटणी. पण शेंगाचटणीवर जेलीचा थर लावून नातवानं एकदा घास भरवला, तेव्हा मी दुसरा मागितला, हेही इथं नोंदवून ठेवते.

आणि पंच्यात राहिलेला चोथा? तो टाकला असता तर अक्कांनी माझ्याशी बोलणं सोडलं असतं. चाळणीवर घासला की बिया वर राहतात, गर खाली उतरतो. त्यात साखर, चमचाभर तूप, थोडं मीठ घालून कडा सुटेपर्यंत आटवलं की वड्या पडतात. या वड्या अक्का स्वतः थापतात. त्यांच्या मते खरा पदार्थ हाच, आणि जेली म्हणजे वड्या करताना मध्ये पडलेलं पाणी.

महाशिवरात्रीच्या सुमारास बाजारात कवठं येतात. कवठाची जेली याच रीतीनं होते, उलट सोपी. आंबटपणा आणि पेक्टिन दोन्ही त्याच्या अंगचंच, लिंबाचंही काम नाही. फक्त ते फोडताना ओटा फुटणार नाही एवढं बघायचं.

अडतं ते डाळिंबापाशी. सांगोल्याच्या भावजींची डाळिंबाची बाग आहे आणि अभिमान बागेपेक्षा मोठा. सोलापूरच्या केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २०१६ला सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, हे ते चहा येईपर्यंत सांगून टाकतात. यंदा मृग बहाराची 'भगवा' जातीची डाळिंबं घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, पेरूचं काय कौतुक करता, याची जेली करून दाखवा." रस काढला, काय रंग होता म्हणून सांगू! पण स्पिरिटच्या परीक्षेत गोळा काही बसला नाही, चार धागे तरंगले. डाळिंबाच्या रसात पेक्टिन नावालाच. शेवटी निम्मा पेरूचा रस घातला, तेव्हा कुठं पळीवरून पापुद्रा सुटला. बाटलीतली जेली उन्हात धरली तर माणकाला लाजवील अशी.

भावजींनी चाखली, मान डोलावली आणि बाटलीवर चिकटवायला चिठ्ठी लिहू लागले: 'डाळिंब जेली, सांगोला'. मी म्हटलं, रंग तुमचा भावजी, पण उभी आहे ती माझ्या झाडाच्या जिवावर. चिठ्ठीवर दोघांचीही नावं घाला, आणि माझं आधी.