पल्सरचा पिकअप मोजायला अॅम्बी व्हॅलीपर्यंत

पहाटे साडेचारला वाकडहून निघालो. मी माझ्या पल्सर एनएस 200 वर आणि मागच्या सीटवर अवजारांची पिशवी घेऊन मावसभाऊ. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून जुन्या महामार्गानं तळेगाव, कामशेत, लोणावळा आणि पुढे भुशी धरण, टायगर पॉइंट करत अॅम्बी व्हॅली. टायगर पॉइंटच्या अलीकडे धुकं एवढं दाट होतं की वीसच्या वर जाता येईना. हा रस्ता अंधारात घाईनं कापू नका.

तिथल्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा होतात. सरळ 402 मीटर, म्हणजे पाव मैल, आणि शेजारी दुसरा स्वार. गाडीचा पिकअप मोजायची मला कॉलेजपासून हौस, पण रस्त्यावर तो मोजायचा नाही हे पक्कं ठरलेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा नसता तरी मी केलं नसतं. शंभरच्या वेगात समोर कुत्रं आलं तर क्लच कुठे सोडायचा होता याचा विचार कोण करणार?

याआधी मोकळ्या मैदानात मोबाइलच्या अॅपनं शून्य ते साठ मोजून पाहिलं होतं. आकडे दर वेळी वेगळे. मोबाइलचं जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच नोंद घेतं, त्यामुळे चार सेकंदांच्या मोजणीत अर्धाअधिक सेकंद इकडे-तिकडे सहज होतो. या वेळी मित्राकडून सेकंदाला 25 नोंदी घेणारं यंत्र मागून आणलं. तुम्हीही असंच काहीतरी मिळवा. स्पीडोमीटरवर तर विसंबूच नका. माझा 126 दाखवत होता तेव्हा यंत्रावर 118 होते.

पहिली धाव 18.62 सेकंद. हात थरथरत होते. पिवळे दिवे उतरत आले, हिरवा लागला आणि मी दचकून क्लच सोडला. गाडी बसली, इंजिन गुदमरलं, मग कुठे उठली. मला वाटलं वेळ दिव्याला उशिरा निघाल्यामुळे गेला. शेजारच्या रांगेतल्या एका काकांनी समजावलं, "अरे, धावेचं घड्याळ दिव्यावर नाही, तुझं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून सुटलं की सुरू होतं. दिव्याला उशीर झाला तर शर्यत हरशील, पण गाडीची वेळ तीच राहील. तू सावकाश नीघ, क्लचकडे लक्ष दे."

त्यानंतर मी फक्त क्लचवर मेहनत घेतली. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, साडेपाच हजारांवर धरायचे, छाती टाकीवर टेकवायची, लिव्हर अर्ध्यावर आणून गाडी पुढे सरकली की तिथेच धरून ठेवायची आणि पूर्ण सोडायची ती गाडीनं वेग धरल्यावरच. झटक्यात सोडली तर एक तर गाडी बसते, नाहीतर पुढचं चाक हलकं होतं. थ्रॉटल मात्र मागे घ्यायचा नाही. गिअर बदलायचा तो साडेनऊ हजारांच्या पुढे.

चौथी धाव 17.94. यंत्रातला तपशील पाहून मी थक्क झालो. एकूण 0.68 सेकंद वाचले होते, त्यातले 0.59 पहिल्या साठ फुटांत, म्हणजे जेमतेम 18 मीटरमध्ये. उरलेल्या 384 मीटरमध्ये फक्त 0.09. म्हणजे एअर फिल्टर, सायलेन्सर यांवर पैसे घालण्याआधी ते साठ फूट शिका.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. परवाना, शुल्क, गाडीच्या तपासणीचे नियम आयोजकांना आधीच विचारा. फुल फेस हेल्मेट, रायडिंग जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. चेनचा ढिलेपणा आदल्या दिवशी बघा. टाकी काठोकाठ भरू नका. 12 लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ नऊ किलो. सुरुवातीच्या रेषेआधीचा भाग ओला असेल तर साध्या टायरवाल्यांनी बाजूनं जावं. मुंबईहून येणाऱ्यांची वेळ इथे थोडी जास्त लागेल, कारण लोणावळाच समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या वर आहे आणि विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी पडते. शेवटची रेषा ओलांडल्यावर ब्रेक कचकन दाबू नका, पट्टी पुरते.

परतताना टायगर पॉइंटच्या वळणांवर क्लच पकडायची जागा बदललेली जाणवली. चार धावांत प्लेटा चांगल्याच तापल्या होत्या. लोणावळ्यात थांबून, गाडी गार झाल्यावर, लिव्हरपाशी केबल नीट लावली आणि मगच पुण्याची वाट धरली.