विरजणाची वाटी

दुपारी साडेचारच्या सुमाराला शेजारच्या दाराची बेल वाजते. "काकू, चमचाभर विरजण आहे का हो?" वेळ साडेचारचीच का, हे सांगायला नकोच, दिवेलागणीनंतर विरजण द्यायला बरीच घरं कां-कूं करतात. पाठोपाठ, कुणी न विचारताच खुलासा येतो: "काल घातलं होतं, पण थंडीने लागलंच नाही." मे महिन्यात हाच खुलासा "दूध जरा जास्तच गरम होतं" असा असतो. कारण दिल्याशिवाय मागायला आपली जीभ रेटत नाही.

कारणं दोन्ही खरीच असतात म्हणा. अर्धा लिटर दुधाला एक लहान चमचा विरजण पुरतं. करंगळी बुडवून दहा अंक मोजेपर्यंत सहज राहिली की दूध बेताचं कोमट. त्याहून गरम असलं तर विरजणातले जिवाणू मरतात आणि सकाळी पातेल्यात नुसतं दूध. गार असलं तर ते आळसावतात. दही लागतं तेही तार सुटलेलं. चमच्याऐवजी डाव घातला तर दुपारपर्यंत आंबट ढाण. थंडीत पातेलं कणकेच्या डब्यात ठेवायचं आणि हलवून बघायचं नाही. बघतातच.

मागणाऱ्याला ओशाळं वाटतं, पण देणाऱ्या काकूंना त्या दिवशी शेजारीण जरा जास्तच आवडते, ही त्यातली गंमत. अठराव्या शतकातला अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याने ही गंमत फार आधी ओळखली होती. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात एक सभासद त्याच्या विरोधात होता. फ्रँकलिनने त्याची मनधरणी केली नाही. त्याच्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक चार दिवसांसाठी मागितलं, आठवड्याभरात चिठ्ठीसकट परत केलं. मैत्री जन्मभर टिकली. पुढे 1969 मध्ये जेकर आणि लँडी या मानसशास्त्राच्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. प्रयोगात पैसे जिंकलेल्या काही जणांना संशोधकाने स्वतः विनंती केली, माझ्या पदरचे होते, परत द्याल का? काहींना तीच विनंती मानसशास्त्र विभागाच्या नावाने सेक्रेटरीकडून गेली. काहींना कुणी काही मागितलंच नाही. संशोधक सर्वांत जास्त आवडला तो ज्यांच्याकडे त्याने स्वतः मागितलं होतं त्यांना, आणि सर्वांत कमी आवडला तो सेक्रेटरीमार्फत मागणी गेली त्यांना. दारात स्वतः जायचं, पोराला पिटाळायचं नाही, ते यासाठीच असावं.

परत करण्याची रीत आणखी निराळी. साखर सपाट वाटीभर नेली तर परत येते शिगोशीग. ताट-वाटी रिकामी धाडायची नाही, म्हणून सोबत दोन लाडू. मग त्या लाडवांची वाटी इकडे अडकते. हिशोब शून्यावर येऊच द्यायचा नसतो. बरोबरी झाली की बेल वाजवायला कारण उरत नाही. शेतावरच्या सावडीत मात्र दिवसाला दिवस मोजून फेडतात, आज तुमची दोन माणसं आमच्याकडे, परवा आमची दोन तुमच्याकडे. इर्जिकीला, म्हणजे एकाचं शेत सगळ्यांनी मिळून नांगरायला, औतं घेऊन आलेल्यांना मजुरी नसते, पोटभर जेवण असतं, आणि ते जेवण कसं होतं हे गाव वर्षभर बोलतं. सभेतला वक्ता "आभार न मानता ऋणात राहणं पसंत करतो" म्हणतो तेव्हा सगळे हसतात. पण तो बोलतो ते या वाटीचंच.

आता दह्याचा डबा दहा मिनिटांत दारात येतो. कुणापुढे ओशाळं व्हावं लागत नाही. डबा आणणाऱ्या मुलाला पाणी विचारेपर्यंत तो जिना उतरलेलाही असतो.

विरजणाचं एक बरं असतं. काकूंचं दही बिघडतं तेव्हा त्याही याच दारात येतात आणि आपलंच विरजण परत घेऊन जातात. मूळ दही कुणाचं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. वाटीचंही तसंच. स्टीलच्या कडेवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव नीट उजेडात धरून वाचलं, तर ते या घरातलं नसतं आणि त्याही घरातलं नसतं.