मटकी आणि गोलरेषा

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅचचा निकाल आमच्या आईला स्कोअर न विचारता कळतो. आईचं माहेर शिवाजी पेठेत, सासर मंगळवार पेठेत. शिवाजी पेठ जिंकली की रात्री साडेआठच्या आत मामांचा फोन येतो. "आक्का, जेवलीस काय?" एवढंच विचारतात. एरवी वर्षभर आक्का जेवली की उपाशी आहे याची त्यांना काडीची चिंता नसते. हरले तर तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी फोन येतो तो कुणाच्या तरी बारशाचं निमित्त काढून, आणि त्यात फुटबॉलचा फ सुद्धा नसतो.

परवाच्या मॅचनंतर फोन सव्वासातलाच आला. आईनं "जेवायचंय अजून" म्हणून सांगितलं आणि स्पीकर चालू करून फोन माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, "मामा, गोल होता तो." पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "आक्काला विचारलंय मी, तुला न्हवं."

शेजारच्या दोन वस्त्यांची टक्कर झाली की इंग्लंडात तिला डर्बी म्हणतात. आमच्याकडे त्याला ईर्षा म्हणतात. हा शब्द कोल्हापूरबाहेर थोडा वाईट समजला जातो. इथं मात्र तो कौतुकानं वापरतात, ‘ईर्षेनं खेळला पोरगा’ म्हणजे जीव तोडून खेळला. पेठांचे संघ तालमींच्या नावानं खेळतात. ज्या हौद्यात आजोबांनी माती अंगाला लावली, त्याच तालमीच्या नावाची जर्सी आज नातू घालतो. वर्ल्ड कप आला की चौकात मेस्सी आणि रोनाल्डोचे दोन-दोन मजली कटआउट लागतात खरे, पण ते चार वर्षांतून एकदा येणारे पाहुणे. घरचं भांडण डिसेंबर ते मे, पेठ विरुद्ध पेठ.

मला वाटतं, आमची खरी अडचण कुस्तीनंच करून ठेवलीय. खासबागेत पाठीला माती लागली की विषय संपला. पैलवान उठला आणि त्याच्या पाठीवर लाल ठसा असला, तर त्याच्या बापालाही ‘कुस्ती झाली नाही’ म्हणता येत नाही. चितपट हा शब्दच असा आहे की त्याला फाटे फुटत नाहीत. अशा गावानं फुटबॉल जवळ केला, आणि फुटबॉलमध्ये माती कुणाच्याच पाठीला लागत नाही. सगळं एका माणसाला काय दिसलं यावर.

तर झालं असं. मामांची पेठ एक-शून्यनं पुढे. शेवटची पाचेक मिनिटं उरलेली. आमच्या पोरानं डी-बाहेरून असा काही फटका मारला की चेंडू आडव्या बारला खालून लागला, सरळ जमिनीवर आपटला, वर उसळला आणि गोलकीपरनं छातीशी धरला. आमची गॅलरी उठली. गोल! रेफरीनं लाइनमनकडे बघितलं. लाइनमनचा झेंडा मांडीला चिकटलेला. रेफरीनं हातानं खूण केली, खेळा पुढं.

पुढचं सांगण्यासारखं नाही. काही लोक जाळीवर चढले, पोलीस जाळीजवळ आले, मग सगळे आपापल्या जागी आले, आणि शिट्टी वाजली.

मॅच तिथं संपली. सामना त्या रात्री कट्ट्यावर सुरू झाला.

पहिला प्रश्न नेहमीचा, लाइनमन कुठल्या पेठेचा? तो कुठल्याच पेठेचा नव्हता, उपनगरात राहणारा निघाला. मग त्याची सासुरवाडी शोधली. ती सांगलीत निघाली. सांगलीचा आणि आमच्या भांडणाचा संबंध जोडण्यात दोन चहा गेले, पण जमलं नाही. शेवटी एकजण म्हणाला, "त्याचं शाळेतलं मैतर सगळं तिकडचं हाय." यावर सर्वांनी मान हलवली. तपास पूर्ण.

मग व्हिडिओ आला. कुणीतरी गॅलरीतून मोबाइलवर काढलेला, एकवीस सेकंदांचा. फटका दिसतो, बार दिसतो, चेंडू खाली येताना दिसतो, आणि नेमक्या त्या क्षणी पुढच्या पायरीवरचा टोपीवाला उभा राहतो. टोपी खाली जाते तेव्हा चेंडू गोलकीपरच्या छातीवर. हाच व्हिडिओ आमच्या पेठेनं लाल गोल काढून ‘बघा, ढळढळीत गोल’ म्हणून स्टेटसला ठेवला. मामांच्या पेठेनंही हाच ठेवला, तसाच लाल गोल काढून. दोघांच्याही गोलात ती टोपीच होती.

अशा वेळी आमच्यातले वाचणारे लोक वेम्ब्ली काढतात. १९६६ च्या वर्ल्ड कपची फायनल, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी, जादा वेळ. इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका असाच बारला खालून लागला, खाली आपटला आणि बाहेर आला. रेफरी लाइनमनकडे धावला. लाइनमन होता तोफिक बहरामोव, अझरबैजानचा. त्यानं गोल दिला, इंग्लंड चार-दोननं जिंकलं. जर्मन माणसाचा जीव त्या चेंडूवरून अजून उठलेला नाही. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत पुन्हा हीच जोडी समोरासमोर आली. इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू बारला लागून आंधळ्यालाही दिसेल इतका आत पडला आणि गोल दिला गेला नाही. मामा म्हणतात, "चव्वेचाळीस वर्षांनी व्याज फिटलं." त्यानंतर मात्र वर्ल्ड कपमध्ये गोलरेषेवर यंत्र बसलं, २०१४ पासून.

मला या गोष्टीतला लाइनमन आवडतो. बाकू शहरातल्या मोठ्या स्टेडियमला बहरामोवचं नाव दिलेलं आहे. तिथं लाइनमनचं नाव स्टेडियमला ठेवतात, आणि आम्ही स्टेडियममध्ये बसून लाइनमनला नावं ठेवतो.

खरं तर आमच्या कट्ट्याची पद्धत फार जुनी आणि कायदेशीर आहे. सुरुवातीच्या काळात दोन्ही संघ आपापला अंपायर घेऊन यायचे. दोघांचं एकमत झालं नाही तरच मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे विषय न्यायचा. विषय ज्याच्याकडे न्यायचा तो रेफरी, नावच त्यावरून पडलं. १८९१ मध्ये नियम बदलला, रेफरी मैदानात आला, अंपायर रेषेवर गेले आणि लाइनमन झाले. पेनल्टीही त्याच वर्षीची. आमच्या पेठेत १८९१ अजून उजाडायचंय. आमचा अंपायर आमच्या कट्ट्यावर, त्यांचा त्यांच्या, आणि एकमताची घाई कुणालाच नाही.

पोरं म्हणतात, व्हीएआर आणा, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी, मिटेल सगळं. मला नाही वाटत. १ डिसेंबर २०२२ च्या रात्री जपान-स्पेन मॅच आमच्या चौकात पडद्यावर बघत होतो. जपानच्या मितोमानं रेषेबाहेर गेलेला वाटणारा चेंडू ओढून आत दिला, गोल झाला, आणि व्हीएआरनं तपासून तो दिला. चेंडूचा केसभर भाग रेषेवर लोंबत होता म्हणे. जपान दोन-एकनं जिंकलं आणि दुसऱ्या मैदानावर आपली मॅच जिंकूनही त्याच गटातली जर्मनी घरी गेली. एवढे कॅमेरे, एवढी यंत्रं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला मला विचारतो, "भाऊ, बॉल भाईरच हुता न्हवं?"

आठवड्यानं कपिलतीर्थ मंडईत तो लाइनमन मला दिसला. साधा शर्ट, हातात नायलॉनची पिशवी. भेंडीच्या ढिगापुढं उभा राहून एकेक भेंडी उचलायचा, शेंडा मोडून बघायचा, कट्‌ आवाज आला तर पिशवीत, नाही तर बाजूला. घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही. भाजीवाली वैतागली होती, "आवो, सगळी कवळीच हाईत." त्यानं ऐकलं आणि पुढची भेंडी उचलली. पंधरा-वीस भेंड्यांचा निकाल मी उभा राहून बघितला. एकही चुकली नाही.

माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, परवाचा तो गोल..."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. "तुम्ही कुठं बसला होता?"

"गॅलरीत."

"कुठल्या बाजूला?"

मी बाजू सांगितली. त्यानं मान हलवली, पाव किलोचे पैसे दिले आणि कोथिंबिरीकडे वळला.

आता हे कट्ट्यावर सांगता येणार नाही, म्हणून इथं लिहितो. मी बसलो होतो ते विरुद्ध टोकाच्या गोलमागं. मध्ये सगळं मैदान आणि बावीस पोरं. आणि ज्या क्षणी तो फटका बसला त्या क्षणी माझी चप्पल पायरीवरून खालच्या पायरीवर घसरली होती आणि मी ती पायानं चाचपत होतो. वर बघितलं तेव्हा सगळे गोल म्हणून ओरडत होते, म्हणून मीही ओरडलो. मी चेंडू बघितलेलाच नाही. बारला लागताना नाही, जमिनीवर पडताना नाही. मघाशी तुम्हाला जे सांगितलं ते टोपीवाल्याच्या व्हिडिओतलं आणि शेजारच्याच्या तोंडचं. पण आठ दिवस मी त्या गोलाची साक्ष आईच्या शपथेवर देतोय, आणि आई समोर बसून लसूण सोलतेय.

रविवारी मामांनी मिसळ खायला बोलावलं. जिंकलेल्यानं मिसळ द्यायची हा आमच्यातला नियम. मामा सत्तरीचे, एकेकाळी हाफबॅक खेळायचे. अजूनही बसताना उजवा गुडघा हातानं धरून बसतात. कट आला, ब्रेडच्या स्लाइस आल्या, कांदा-लिंबू आलं, आणि मी विषय काढायच्या आत मामांनीच एक स्लाइस माझ्यापुढं सरकवली.

"ही तपकिरी कड म्हंजे गोललाइन. पांढरं ते आत. काय?"

"बरं."

चमच्यानं त्यांनी वाटीतून एक मटकी काढली आणि कडेला लागून पांढऱ्यावर ठेवली. "आता सांग. आत हाय?"

"आत आहे की."

"वरनं बघ. टेकलीय पांढऱ्यावर, पर पोट कुठं हाय? पोट तपकिरीवर हाय." मामा म्हणतात ते बरोबर आहे. चेंडू पूर्णच्या पूर्ण रेषेपार गेला पाहिजे. चेंडूची जाडी साधारण बावीस सेंटिमीटर. म्हणजे जिथं तो जमिनीला टेकतो ती जागा रेषेच्या दहा सेंटिमीटर आत असली तरी गोल नाही, कारण मागचं पोट अजून रेषेवर लोंबतंय. समोरून हे दिसत नाही. रेषेच्या सरळ रेषेत उभा असेल त्यालाच दिसतं, दिसलं तर.

मी मटकी चमच्याच्या टोकानं जरा पुढं सरकवली. "एवढा आत होता, मामा. आता पोटही पांढऱ्यावर."

मामांनी चष्मा कपाळावर चढवून वाकून बघितलं. मटकीला चांगला अर्धा इंच मोड आलेला होता, आणि तो मागं वळून कडेवर टेकला होता.

"ह्यो मोड रेषेवर हाय."

"मोड कसला धरताय? चेंडूला मोड असतो होय?"

"मग मटकी ठेवू का दिलीस मला? तू म्हणायचं हुतास, मामा, लिंबू घ्या."

हॉटेलवाला पोरगा रस्सा वाढायला आला होता. तो वाकून बघत म्हणाला, "आत हाय की." मामांनी विचारलं, "तू कुठला?" तो म्हणाला, "मंगळवार." मामांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत.

मी विचारलं, "मामा, खरं सांगा, तुम्ही कुठं बसला होता त्या दिवशी?"

"गप खा."

त्यांनी स्लाइस उचलली, मटकी आणि रेषेसकट. मधोमध दुमडली, कटात बुडवली आणि एका घासात तोंडात घातली. डोळ्यांत पाणी आलं, कट तिखटच होता. भरल्या तोंडानंच बोट नाचवत ते म्हणाले, "न्हवता गोल."