दुहेरी दोर

वर्षावनातील वाटांवर रुतलेल्या गाड्या बाहेर काढणे हे माझे काम आहे. अशा शेकडो गाड्या ओढल्या असतील. पण गेल्या मोहिमेतील एका गाडीचा हिशेब मी अजून मनातल्या मनात मांडतो आहे.

रात्रभर पाऊस झाला होता. ताफ्यातील तिसरी गाडी चढावर तिरकी होऊन आसापर्यंत तांबड्या चिकणमातीत बसली होती आणि तिच्या उजव्या अंगाला ओढ्याची कड होती. १९८० साली ॲमेझॉनच्या जंगलात सुरू झालेल्या कॅमल ट्रॉफी या खडतर वाटांवरील मोटार स्पर्धेची जुनी दृश्ये पाहून येणारे हौशी लोक जे करतात, तेच तिच्या चालकाने केले होते : चाके जागच्या जागी फिरू लागल्यावरही ॲक्सिलरेटर दाबून धरला होता. टायरच्या खाचा चिकणमातीने बुजल्या की तो टायर राहत नाही, नुसता गुळगुळीत रूळ होतो. टायरमधील हवा उतरवून घ्या, असे सकाळी दोनदा सांगूनही त्याने ती उतरवली नव्हती.

गाडीचे वजन सामानासह अडीच टन होते आणि तिच्यावरील विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढणारे यंत्र, ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलोंची होती. हा आकडा ड्रमवरील अगदी आतल्या थराचा असतो. ड्रमवर दोराचे थर जितके अधिक, तितकी ओढ कमी, हे विंच विकणारे सहसा सांगत नाहीत. बारा मीटरवर एक भलेथोरले झाड होते आणि त्याच्या बुडाशी कमरेइतकी उंच, फळ्यांसारखी मुळे पसरली होती. दोर अडकवण्यासाठी झाडाला गुंडाळायचा पट्टा जितका खाली तितके बरे. पण मुळांच्या धारेवर तो कापला जाऊ नये म्हणून मी तो त्यांच्या लगेच वर बांधला. निम्मा दोर ड्रमवरच होता. विंच कण्हली आणि थांबली. गाडी तसूभरही हलली नाही.

तेव्हाच माझा तरुण सहायक म्हणाला, "दादा, झाडामागची माती फुगतेय."

"पावसाने पाला हलतोय," असे म्हणून मी झाडाला पुली लावली, दोर तिच्यातून फिरवून गाडीच्या हुकाला अडकवला आणि त्या नीटनेटक्या जोडणीकडे समाधानाने पाहिले. पुलीमुळे ओढ दुप्पट होते, हे मी नवख्यांना नेहमी शिकवतो. ती सगळी झाडावर येते, हेही शिकवतो. त्यातच दुहेरी दोरासाठी ड्रम जवळजवळ रिकामा करावा लागल्याने विंचला आता तिची पूर्ण ताकद मिळाली होती. म्हणजे झाडावरील भार दुपटीहूनही अधिक वाढला होता. वर्षावनात मातीचा कस वरच्या पातळ थरातच असतो, म्हणून एवढ्या मोठ्या झाडांची मुळेही खोल न जाता आडवी पसरतात.

मोडण्याचा आवाज झाला नाही. ओले कापड फाटावे तसा आवाज आला आणि झाडामागील जमीन पायपुसण्याची कड उचलावी तशी वीतभर वर आली. झाड आमच्याकडे झुकले आणि शेंड्यातील वेलींमध्ये अडकून थांबले. मी दोर ढिला केला, तेव्हा गाडी फूटभर मागे सरकून कडेच्या आणखी जवळ गेली.

त्यानंतर आम्ही फावडी घेतली. चाकांपुढील चिखल उपसला, आसाखालची माती मोकळी केली, टायरमधील हवा १८ पीएसआयवर आणली आणि झुकलेल्या झाडाच्या टप्प्याबाहेरील दोन झाडांवर भार विभागला. पाऊण तासाने त्याच विंचने, एकेरी दोराने, गाडी वर आली. चालकाने टाळ्या वाजवल्या. मला त्या नकोशा झाल्या.

रात्री नोंदवहीत मी लिहिले : "आधाराचे झाड कमकुवत निघाले." सहायकाने ते वाचले आणि काही न बोलता खाली सही केली. एकेरी दोराला ते झाड टिकले होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. ती ओळ मी अजून खोडलेली नाही.